म्हातारीचं ॲव्हरेज

१२ जानेवारी

आजपासून लिहितो. हौस म्हणून नव्हे. माणूस विसरतो, आणि मला यातलं काहीही विसरायचं नाहीये.

काल मला गाडीवरून उतरवलं. एकोणीस वर्षं मी म्हातारी चालवली. म्हातारी म्हणजे आमच्या कॅम्पची जुनी डिझेल फोर बाय फोर. डोंगरातल्या विजेच्या टॉवरांवर माणसं आणि सामान नेते. रस्ता संपतो तिथून तिचं काम सुरू होतं. तिला मी कधी ओढ्यात अडकू दिलं नाही की उतारावर घसरू दिलं नाही. आणि काल वाहन विभागाच्या खोलीत उभं करून मला सांगितलं की तुम्ही डिझेल काढता.

सांगणारा कोण, तर माझा सख्खा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. त्या खुर्चीत बसून त्याला आठ महिने झालेत. हेड ऑफिसचं नवं पत्रक पुढ्यात धरून वाचत होता. जुन्या डिझेल गाडीनं लिटरला निदान सात किलोमीटर द्यायला हवेत, त्याखाली आकडा गेला तर चोरी धरावी. माझं ॲव्हरेज सहा पूर्णांक तीन. म्हणजे महिन्याला सतरा-अठरा लिटरचा पत्ता नाही. एक कॅन.

मी म्हटलं, "तू माझ्या शेजारी बसून गाडी शिकलास. तूच सांग, मी चोर आहे का?"

तो कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "दाजी, मी काही म्हणत नाही. आकडा म्हणतो."

दोन क्लार्क तिथंच बसले होते. त्यांनी माना खाली घातल्या, पण कान काही खाली घातले नाहीत.

नियमानं घरीच पाठवायचं असतं म्हणे. यानं वर काय सांगितलं कोण जाणे, मला फाटकावर बसवलं. कसले उपकार. येताजाता मला तिथं बसलेला बघायचंय त्याला. बघ म्हणावं. मीही बघतोय.

१४ जानेवारी

फाटकाचं काम असं. एक टेबल, एक आखूड पायाची खुर्ची, एक रजिस्टर. गाडी बाहेर जाताना मीटरचा आकडा लिहायचा, आत येताना लिहायचा. डिझेलचा पंप फाटकाला लागूनच आहे, तिथं टाकी भरली की किती लिटर घेतलं तेही लिहायचं. आधीचा गेटवाला ड्रायव्हर जे ओरडेल ते लिहायचा. मी खुर्चीतून उठतो, खिडकीशी जातो, स्वतःच्या डोळ्यांनी मीटर बघतो आणि मग लिहितो. माझ्या रजिस्टरात बोट ठेवायला कुणाला जागा सापडणार नाही.

सकाळी लाइनमनची टोळी निघाली. त्यातला एक म्हणाला, "काय एक कॅन, बरं चाललंय ना?" सगळे हसले. मीही हसलो. कोण कोण हसलं ते लक्षात ठेवलंय.

१९ जानेवारी

सात. हा सात आला कुठून? गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दहा लिहिलेत. ते दहा म्हणजे सपाट डांबरी रस्ता, रिकामी गाडी, एकटा ड्रायव्हर, एकाच वेगानं सरळ जायचं. नवी कोरी असताना. हेड ऑफिसातल्या कुणीतरी दहातून तीन वजा केले आणि झालं पत्रक तयार. आमच्यात सहा माणसं, दोरखंड, अवजारं, इन्सुलेटरच्या पेट्या. एकेचाळीस नंबरच्या टॉवरचा चढ लो गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगानं चढायचा. वर पोचलं की दोर ओढणाऱ्या विंचसाठी तासभर इंजिन चालू ठेवायचं. गाडी जागची हलत नाही आणि डिझेल जळतंय. त्याचे किलोमीटर कुणाच्या मीटरवर पडणार?

उलट जे काही देत होती ते माझ्यामुळे. टायरात हवा कायम बरोबर, एअर फिल्टर दर रविवारी झटकलेला. आणि टायर तरी कुणामुळे? तीन वर्षांपूर्वी मीच भांडून मोठे टायर घालून घेतले, मूळच्यापेक्षा चांगले चार इंच उंच. त्याआधी तिचं पोट दगडांवर घासायचं. गॅरेजमधला फिटर, ज्याला सगळे डुलकी म्हणतात, तेव्हा मीटरचं काहीतरी पुटपुटत होता. मी त्याला म्हटलं, मीटरकडे बघून गाडी चालवतो तो ड्रायव्हरच नव्हे, तू गुमान टायर घाल. अशी ठेवली होती मी गाडी. आणि मी चोर.

३१ जानेवारी

हिच्याशी वाजलं. मी सहज म्हणालो की तुझ्या भावाला त्या खुर्चीतून खाली ओढल्याशिवाय मी मरणार नाही. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, तुम्हाला तुमच्यावरचा डाग पुसायचाय, की त्याचं तोंड काळं करायचंय?"

"दोन्ही."

"दोन्ही नाही जमलं तर?"

खरं सांगायचं तर दुसरं आधी. हे मी इथं लिहितोय, तिला सांगणार नाही.

४ फेब्रुवारी

म्हातारी कुणाला दिली असेल? मेहुण्याच्या पोराला. कालपर्यंत स्टोअरची छोटी गाडी चालवत होता, आज एकदम म्हातारी. नेमणुकीचं पत्र निघालं तेव्हा मेहुणा म्हणे रजेवर होता, सही दुसऱ्याची आहे. दुधखुळा समजतो मला.

पोरगा मात्र गोड आहे, हे कबूल करतो. सव्वीस वर्षांचा घोडा, बायको पोटुशी, क्वार्टर माझ्या घरापासून चौथं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवायचा. सकाळी फाटकाशी गाडी थांबवली, रुमालानं मीटरची काच पुसली आणि म्हणाला, "आतोबा, लिहा." मी उठून बघितलं आणि लिहिलं. त्याच्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "दुसऱ्या गिअरला जरा अडते हो. तुम्ही काय करायचात?"

"चालवायचो," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

२८ फेब्रुवारी

आज दिवसभर मला भूक लागली नाही, इतका आनंद झालाय.

महिनाअखेर म्हणून पोराच्या गाडीचा हिशेब काढला. महिन्याच्या सुरुवातीला टाकी गळ्यापर्यंत भरलेली, आज पुन्हा गळ्यापर्यंत भरली. मधले सगळे लिटर माझ्याकडे, सगळे किलोमीटर माझ्याकडे. तीनदा भागाकार केला. सहा पूर्णांक दोन.

माझ्यापेक्षाही कमी. तीच गाडी, तेच डोंगर, आणि ड्रायव्हर कोण, तर आकडा म्हणणाऱ्याचा मुलगा. आता आकडा काय म्हणतो ते ऐकायला मी फाटकावर बसलोय.

११ मार्च

अजून काही हालचाल नाही. आकडा त्याच्या टेबलावर पोचलाय, कारण लॉगबुक एक तारखेलाच जातं.

पण आज एक बघितलं. मेहुणा गॅरेजमध्ये म्हातारीखाली आडवा झाला होता. पांढरा शर्ट, त्याला ग्रीस. हातात टॉर्च. डिझेलचा पाइप कुठं झिरपतोय का बघत होता. अर्ध्या तासानं बाहेर आला, डुलकीला काहीतरी विचारलं, डुलकीनं मान हलवली. मग नवीन फिल्टर मागवून घेतला.

माझ्या वेळी वाकला होता का कधी? माझ्या वेळी गळती म्हणजे चोरी. पोराच्या वेळी गळती म्हणजे पाइप. पोराला वाचवायला मातीत लोळतोय. लोळ बाबा.

३१ मार्च

दुसऱ्या महिन्याचा आकडाही सहा पूर्णांक दोन. नवीन फिल्टर घालूनही. आणि मेहुण्याची लेखणी अजून हललेली नाही.

आज तक्रार लिहिली. पाच वेळा फाडून सहाव्यांदा नीट जमली. हेड ऑफिसला, सरळ वरच्या साहेबांच्या नावानं. दोन महिन्यांचे रोजचे आकडे जोडलेत. शेवटी लिहिलं, "ज्या आकड्यावर मला दोषी धरलं तो आकडा विभागप्रमुखांच्या मुलाला लागू आहे की नाही, एवढंच कळावं." खाली सही, स्वच्छ अक्षरात. निनावी पत्रं लिहिणाऱ्यातला मी नव्हे.

पोराचं काय होईल हा विचार आला नाही असं नाही. आला. पण माझा विचार कुणाला आला होता?

९ एप्रिल

लागली. तक्रार लागू पडली.

पोरगा निलंबित. मेहुण्याला नोटीस, की स्वतःच्या मुलाची चोरी का लपवली. चोवीस तारखेला चौकशी, हेड ऑफिसातून एक इंजिनिअर बाई येणार. तोपर्यंत म्हातारी गॅरेजच्या भिंतीशी उभी.

दुपारी मेहुणा फाटकातून चालत बाहेर गेला. मी उभा राहिलो आणि कडक सलाम ठोकला. त्यानं बघितलं नाही. या एका सलामासाठी तीन महिने त्या लंगड्या खुर्चीवर काढले. फिटले.

१० एप्रिल

हिला कळलं. तक्रार मी केली हे तिला तिच्या भावजयीनं सांगितलं. ताट वाढलं, समोर ठेवलं आणि माझ्याशी एक शब्द न बोलता तिकडे निघून गेली, भावजयीच्या हाताखाली. सुनेला सातवा महिना, डॉक्टरनी पडून राहायला सांगितलंय म्हणे. ताटात मीठ नव्हतं. उठून घेतलं.

१५ एप्रिल

आज मेहुणा माझ्यापाशी आला. कामावर नव्हता, साध्या कपड्यांत होता. फाटकाच्या बाहेर उभा राहिला, आत आला नाही.

म्हणाला, "दाजी, एक विचारायचं होतं. तेव्हा विचारलं नाही, आज विचारतो. तुम्ही खरंच घेत होतात का?"

हा प्रश्न जानेवारीत विचारला असता तर मी त्याच्या गळ्यात पडलो असतो. आज माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या पोराला विचार, तो घेत होता का."

"त्यानं नाही घेतलं."

"कशावरून?"

"मी बाप आहे त्याचा. मला माहीत आहे."

"आणि मला कोण होतं?" मी विचारलं. "मला माहीत असणारं त्या खोलीत कोण होतं?"

त्यानं फाटकाचे गज धरले. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." आणि गेला.

जिंकलो मी. एकदम बिनतोड बोललो. मग दिवसभर तेच वाक्य मनात घोळवत बसलो, पण सकाळी जी मजा आली ती दुपारी राहिली नाही. चहा पाणचट होता, त्याचंही असेल.

१८ एप्रिल

काय लिहू.

चौकशीत मला साक्षीला बोलावलंय. म्हणून ठरवलं की रजिस्टरच्या पानांची स्वच्छ, सुबक नक्कल करून न्यायची. सगळ्या गाड्या, सगळे दिवस, म्हणजे कुणी म्हणायला नको की हा एकाच गाडीवर डोळा ठेवून बसला होता. इतके दिवस मी फक्त म्हातारीच्या ओळी वेगळ्या वहीत उतरवत होतो. आज पहिल्यांदा शेजारच्या ओळीही लिहिल्या.

सहा मार्च. एकसष्ट नंबरचा टॉवर. सामान जास्त म्हणून दोन गाड्या मागोमाग गेल्या, म्हातारी आणि जानेवारीत आलेली नवी पांढरी. आठ वाजून दहा मिनिटांनी दोन्ही बाहेर, पावणेपाचला दोन्ही आत. रस्ता एकच, दुसरा नाहीच. नव्या गाडीचे किलोमीटर शहाण्णव. म्हातारीचे चौऱ्याऐंशी.

वाटलं, नवीवाला कुठंतरी चक्कर मारून आला असेल. पुढं बघितलं. एकोणीस मार्च, पुन्हा दोन्ही एकत्र. नवी अठ्ठेचाळीस, म्हातारी बेचाळीस. सव्वीस मार्चला नवी एकशे अठ्ठावीस, म्हातारी एकशे बारा. दरवेळी तेच. नवीचे आठ होतात तेव्हा म्हातारीचे सात.

मग सायकल काढून हमरस्त्यावर गेलो. फाटकापासून पुलापर्यंत किलोमीटरचे दगड आहेत. सोळा. नवी गाडी पुलाशी खडी टाकायला जाते तेव्हा जायचे सोळा, यायचे सोळा पडतात. म्हातारीचे चौदा आणि चौदा. दगड काही कुणाच्या सांगण्यावरून खोटं बोलणार नाहीत.

मीटर कमी दाखवतंय. गाडी आठ धावते, मीटर सात लिहितं. म्हणजे माझं सहा पूर्णांक तीन हे सात पूर्णांक दोन. पोराचं सहा पूर्णांक दोन हे सातच्या थोडं वर. दोघंही पत्रकात बसतो. एक थेंब कुणी काढलेला नाही, मी नाही, त्यानं नाही.

आणि मीटर कमी का दाखवतं हेही मला ठाऊक आहे. मला आज कळलेलं नाही. मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

१९ एप्रिल

डुलकीकडे गेलो. बाकावर आडवा होता. विचारलं, टायर बदलले तेव्हा तू मीटरचं काय म्हणत होतास?

म्हणाला, "हेच, की टायर मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त पुढं जाते. मीटर आपलं जुन्या टायरच्या हिशेबानं फेऱ्या मोजतं. आतलं छोटं दातेरी चाक बदलावं लागतं. तू म्हणालास, मीटरकडे बघून चालवतो तो ड्रायव्हरच नव्हे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस? माझी गाडी गेली, माझं नाव गेलं."

तो उठून बसला. "अरे, तुझं डिझेलचं होतं ना? मीटरचं कुठं होतं? मला वाटलं, तू खरंच घेतलंस."

एकोणीस वर्षं मी याच्या हातचा चहा प्यायलो.

२० एप्रिल

आता माझ्यापुढं दोन वाटा आहेत, आणि दोन्हींवर मीच आडवा पडलोय.

बोललो, तर मी चोर नाही हे सिद्ध होतं. पण पोरगाही सुटतो आणि मेहुणाही. त्याची खुर्ची शाबूत. वर सगळ्या कॅम्पला कळणार की या शहाण्यानं स्वतःच टायर घातले, स्वतःच मीटर बिघडवलं आणि मग तीन महिने जगाला शिव्या घातल्या.

नाही बोललो, तर मी चोर, पोरगा चोर, मेहुणा चोराचा बाप. फिट्टंफाट. मला चोर म्हणवून घ्यायची आता सवय झालीय. त्याला व्हायचीय. होऊ दे की.

डुलकी बोलणार नाही. त्याला कुणी विचारल्याशिवाय तो नावही सांगत नाही. म्हणजे सगळं माझ्या हातात. आयुष्यात पहिल्यांदाच मेहुणा पूर्ण माझ्या मुठीत आलाय. मूठ उघडायची घाई काय आहे? चोवीसला अजून चार दिवस आहेत.

नक्कल टेबलाच्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं.

२२ एप्रिल

निलंबित माणसाला क्वार्टर सोडावं लागतं. पोरानं आज सोडलं. सामानाचा टेम्पो साडेअकराला फाटकाशी आला. पुढं ड्रायव्हरशेजारी सून बसलेली, पोटावर उशी धरून, पाय सुजलेले. पोरगा मागं सामानात, पाळण्याच्या दांड्या धरून.

बाहेरच्या गाडीचा नंबर लिहायचा नियम आहे. मी उठलो, नंबर लिहिला. टेम्पो फाटकापुढच्या खड्ड्यातून सरकताना ती कळवळली. पोरगा वरून म्हणाला, "आतोबा, चोवीसला तुम्ही येणार ना? तुम्हाला गाडी माहीत आहे. तुम्ही सांगा त्यांना, ती इतकंच देते म्हणून."

तक्रार मी केली हे त्याला माहीत आहे. तरी मला म्हणतो, तुम्ही सांगा.

मी मान हलवली. कशी हलवली कोण जाणे, हो म्हणून की नाही म्हणून. खण माझ्या गुडघ्याला लागलेला होता. किल्ली खिशात होती. त्याच क्षणी टेम्पो थांबवता आला असता. मी फाटक उघडलं.

ही परत आली नाही. दुपारी त्यांच्या मागोमाग गेली, सुनेला सांभाळायला. जाताना माझ्या डाळीचा डबा भरून ठेवून गेली.

२४ एप्रिल

झालं.

खोली तीच. दोन्ही क्लार्क तेच. मधे इंजिनिअर बाई, एका बाजूला मेहुणा, दाराशी पोरगा उभा. बाईंनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

मी ठरवून गेलो होतो. काय ठरवलं होतं ते आता लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी ठरवलं होतं की बोलायचं, पण त्याच्या तोंडून वदवायचं. ज्या तोंडानं मला आकडा वाचून दाखवला, त्याच तोंडानं आज वाचायचं. मी नक्कल मेहुण्यापुढं सरकवली. म्हटलं, "साहेब, तुम्हाला आकडे वाचायची सवय आहे. वाचा. मोठ्यानं."

तो वाचायला लागला. "सहा मार्च. नवी गाडी शहाण्णव. जुनी चौऱ्याऐंशी. एकोणीस मार्च. अठ्ठेचाळीस. बेचाळीस." तिसऱ्या ओळीला तो थांबला. त्याला कळलं. त्यानं दाराशी उभ्या पोराकडे बघितलं आणि कागद खाली ठेवला. मला हेच बघायचं होतं, अगदी हेच, आणि मी बघितलं.

बाईंनी कागद ओढून घेतला, भागाकार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टायर कुणी बदलून घेतले?"

"मी."

"मीटर नाही बदललं?"

"फिटरनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

कुणीही हसलं नाही. हसायला हवं होतं, मी तयारीनं गेलो होतो. बाईंनी लिहून घेतलं की डिझेलची चोरी झालेली नाही, दोन्ही ड्रायव्हर निर्दोष, पत्रकातला सात पुन्हा तपासावा. संपलं असं वाटलं. तेवढ्यात मेहुण्यानं विचारलं, अगदी हळू, "दाजी, हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "अठराला," मी म्हटलं.

"आज चोवीस."

एवढं म्हणून तो पुढचे कागद आवरायला लागला. आणखी काही बोलला असता तर मी भांडलो असतो, माझ्याकडे भरपूर होतं. मी दाराकडे बघितलं. पोरगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोक्यात बेरीज चाललेली मला दिसत होती. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. बावीसला येऊन तो थांबला.

३ मे

सून दवाखान्यात. टेम्पोच्या दुसऱ्या दिवशीच दाखल केली होती, मला आज कळलं. बाळ वेळेआधी झालंय, मुलगी, पेटीत ठेवलीय. जगेल म्हणतात. मी फोन केला होता. हिनं उचलला, एवढं सांगितलं आणि ठेवून दिला.

मेहुण्यानं चपराशाबरोबर म्हातारीची किल्ली पाठवली, वर चिठ्ठी, "आपल्या जागी रुजू व्हावे." आपल्या. मी किल्ली परत पाठवली. लिहिलं की पोराला द्या, मी फाटकावर बरा आहे. याला कुणी मोठेपणा समजू नये. त्या सीटवर बसायला मला भीती वाटली.

संध्याकाळी डुलकीकडून मीटरचं दातेरी चाक बदलून घेतलं. शेजारी उभा राहून. पंधरा मिनिटांचं काम होतं.

९ मे

पोरगा आज कामावर आला. मी सकाळपासून रजिस्टर उघडून बसलो होतो. मनात दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती.

म्हातारी फाटकाशी आली. मागं नवी पांढरी. एकसष्टलाच निघाल्या होत्या. मी उठलो, खिडकीशी गेलो. काच अर्धी वर होती. मी वाकून आत बघायला लागलो तर मीटरवर धूळ बसलेली, आकडा दिसेना. त्यानं पुसली नाही. समोर रस्त्याकडे बघत आकडा सांगितला. मी म्हटलं, "बाळ कसं आहे?"

तो म्हणाला, "गेटवाले, फाटक उघडा. उशीर होतोय."

मी उघडलं.

संध्याकाळी पावणेपाचला दोन्ही गाड्या परत आल्या. नव्या गाडीचे शहाण्णव. म्हातारीचेही शहाण्णव. आकडा बरोबर आहे. लिहून ठेवला.